सात नंबर दाबू नका

"गाव कुठलं म्हणायचं, पावणं?"

पहिला प्रश्न हाच. रामराम नंतर. गडाच्या पायथ्याला एसटी थांबली, चार माणसं उतरली, की चिंचेखालच्या दगडावरून आप्पा उठायचे, डोईचा पटका सारखा करायचे आणि मान जराशी तिरकी करून विचारायचे. उतरलेली माणसं कानडीत बोलत असली तर, "याव ऊर री?" उत्तर मिळेपर्यंत गडाकडं बोटसुद्धा दाखवायचे नाहीत.

लोकांना वाटायचं, म्हातारा चौकस आहे. मला माणसं बघायचा नाद, निदान मला तरी कळायला हवं होतं. तरी पंधरा वर्षं लागली. आप्पा गाव विचारायचे ते गोष्ट कुठली सांगायची हे ठरवायला.

गडाचं नाव सांगत नाही. गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला आहे, एवढं पुरे. आप्पांचं घर पायथ्यालाच. थोडी शेती होती, घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालायचं, पण जीव सगळा गडावर. गडाला एकदा वेढा पडला आणि आतल्या लोकांना कुणीतरी चोरून तांदूळ पोचवला, ही त्यांची आवडती गोष्ट. पाहुणा आजऱ्याचा असला की तांदूळ आजऱ्याहून यायचा. राधानगरीचा असला की तोच तांदूळ धो धो पावसात राधानगरीहून निघायचा. पाहुण्याची छाती फुगायची, पुढचे तीन बुरूज तो न दमता चढायचा.

मी एकदा विचारलं, "आप्पा, खरा कुठनं आलता हो तांदूळ?"

"पोत्यातनं," आप्पा म्हणाले. मग थोडं थांबून, "खरं त्या दगडास्नी ठावं. आपल्याला माणसांत ऱ्हायाचं हाय न्हवं?"

गडाच्या मागच्या तटाला एक बुटकं दार आहे. उंची चार फूट असेल नसेल. तिथं आले की आप्पा पुढं व्हायचे आणि वरच्या दगडाच्या खाली आपला डावा तळहात पसरून उभे राहायचे. "वाका पावणं, वाका. हितं घोड्यावरचा बी उतरून वाकलाय." वाकायला विसरलेलं डोकं दगडावर न आपटता आप्पांच्या हातावर आपटायचं. त्या हाताची मागची बाजू दगडावर घासून कायम सोललेली असायची. हळद लावलेला तो हात मला आत्ताही डोळ्यांपुढं दिसतो.

नव्वदच्या आसपास आम्ही तालमीतली पाच-सहा पोरं स्कूटरवरून तिथं गेलो होतो. गाव कुठलं? कोल्हापूर. पेठ? मंगळवार. आप्पांनी आमच्याकडं नीट बघून घेतलं आणि बुटक्या दाराशी आल्यावर म्हशीची गोष्ट काढली.

"ह्या दाराची किल्ली खालच्या गावात, किल्लीवाल्यांच्या घरात. गनीम आला रातच्याला. म्हणला, दार उघड, सोनं देतो. किल्लीवाला म्हणला, सोनं काय चाटू? म्हैस दे! आन् एका म्हशीपायी गड दिला की ओ! अजून त्या घरात तीच म्हैस दूध देतीया."

आणि मग आप्पा हसले. त्यांचं हसणं पोटातून यायचं, मधेच अडकायचं, ठसका लागायचा आणि परत सुटायचं. गोष्टीला हसलो नसतो तरी त्या हसण्याला हसलोच असतो. आम्ही तर लोळलो.

इथं तुम्हाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मला ती फार उशिरा कळली. आप्पांना एकच लेक, महानंदा. बायको लवकर गेली, पोरीला त्यांनी एकट्यानं वाढवलं, वेणीसुद्धा स्वतः घालायचे. आमच्या त्या सहलीनंतर चार-पाच वर्षांनी तिचं लग्न झालं आणि ती पडली नेमकी किल्लीवाल्यांच्या घरात. डझनभर म्हशी, दारात ट्रॅक्टर, घराण्याचा केवढा तोरा! त्या घरातलं कुणी गडावर आलं की आप्पांच्या गोष्टीतला किल्लीवाला किल्ली गिळायचा आणि दारातच लढून मरायचा. व्याह्यांनी ही गोष्ट लग्नाच्या मांडवात माईकवरून सांगायला लावली होती. दोन गोष्टी, दोन गावं. आप्पांची जीभ इतकी तयार, की कधी सरमिसळ झाली नाही.

मग आलो मी.

राजारामपुरीत माझी रेकॉर्डिंगची खोली होती. आधी कॅसेट, मग कॉम्प्युटर. रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती, शाळेच्या गॅदरिंगची गाणी, असली कामं. लोडशेडिंगच्या काळात, दोन हजार पाचच्या आगेमागे, एका खात्याचे साहेब आले. गडावर बोलकी यंत्रं ठेवायची होती. पाटीच्या आकाराचं यंत्र गळ्यात अडकवायचं, हेडफोन कानाला लावायचा. गडावर बारा ठिकाणी पिवळ्या रंगात नंबर लिहिलेले. जिथं उभे असाल तो नंबर दाबायचा, की त्या जागेची गोष्ट कानात सुरू. यंत्रं पुण्याची एक कंपनी देणार होती. आवाज कुणाचा घ्यावा, असं साहेबांनी मला विचारलं.

"आवाज शोधायचा कशाला? गडावर एक आप्पा आहेत," मी म्हणालो. एवढं बोलून मी किती शहाणा ठरलो होतो!

आप्पा रताळ्यांची पिशवी घेऊन आले. खोलीला लावलेलं जाड कापड हातानं चाचपून बघितलं. खुर्चीवर बसले, माईककडं बघितलं आणि गप्प. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गडावर बोलताना दम न लागणारा माणूस घामानं भिजला.

"काय झालं, आप्पा?"

"ह्येचं गाव कुठलं?" माईककडं बोट करून त्यांनी विचारलं.

मला हसू आलं. शेवटी मीच काचेपलीकडची माझी जागा सोडून आत गेलो आणि त्यांच्यापुढं स्टूल घेऊन बसलो. म्हटलं, माझ्याकडं बघा आणि मला सांगा. आप्पांच्या चेहऱ्यावर लगेच तरतरी आली. "कोल्हापूर, मंगळवार पेठ," असं स्वतःशीच पुटपुटले आणि सुरू झाले. पहिले सहा नंबर शहाण्या मुलासारखे बोलले. साहेबांनी लिहून दिलेलं, पाठ केलेलंच त्यात बरंच होतं. सात नंबर म्हणजे ते बुटकं दार. "वाका पावणं, वाका," म्हणताना आप्पांनी डावा हात माईकच्या वर हवेत धरला. मी डोळे मिचकावले. मी मिचकावले, हे कबूल करतो. म्हशीच्या गोष्टीची जुनी चटक होती. आणि आप्पांनी म्हैस सोडली.

शेवटी ते हसले, त्यांना ठसका लागला, आणि मीही हसलो. माझं हसणं बारीक आवाजात मागं रेकॉर्ड झालं. ते काढायचं तर आप्पांचंही हसू कापावं लागलं असतं, म्हणून राहू दिलं.

बारा नंबर संपल्यावर आप्पांनी हेडफोन लावून ऐकलं. आधी "ह्यो कोण बोलतोय?" म्हणून इकडंतिकडं बघितलं. मग गंभीर झाले. "ते सात नंबरचं जरा परत घ्यायचं का?"

"कशाला? झकास झालंय. बाराही नंबरांत तेच एक जिवंत आहे."

"तसं न्हवं..."

"आप्पा, तीनला लाईट जाणार. राहू द्या."

त्यांनी राहू दिलं. पाहुण्याचा शब्द मोडायची त्यांना सवय नव्हती.

उद्घाटनाला गावोगावची मोठी माणसं बोलावली होती. किल्लीवाले व्याही पहिल्या रांगेत, फेटा बांधून. वीस यंत्रं, वीस जणांच्या गळ्यात. आप्पा मागं उभे. त्या दिवसापासून त्यांचं काम गडाच्या तोंडाशी केलेल्या खिडकीत बसून यंत्रं द्यायची आणि परत घ्यायची. साहेबांनी बजावलं होतं, "आता तुम्ही बोलायचं नाही. लोकांना शांतपणे ऐकू द्या."

बुटक्या दाराशी सगळ्यांनी सात दाबला. बाहेर चिडीचूप. मी माणसांच्या तोंडाकडं बघत होतो, माझंच काम होतं ते. आधी एक जण हसला, मग दुसरा, मग सगळेच. काहीही ऐकू येत नसताना माणसं हसताना बघणं विचित्र असतं. हसता हसता एकेक जण वळून व्याह्यांकडं बघायला लागला. व्याह्यांनी हेडफोन काढला. त्याची वायर नीट गुंडाळली. यंत्र आप्पांच्या हातात दिलं.

"झ्याक बोललायसा, पावणं," म्हणाले आणि गड उतरून गेले.

महानंदा किल्लीवाल्यांची सून आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी आप्पांना म्हणालो, "अहो, मग तुम्ही बोललात कसं?"

आप्पा माझ्याकडं बघतच राहिले. "मी तुमास्नी सांगत हुतो की ओ. जगाला न्हाय."

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. गावच्या डेअरीत किल्लीवाल्यांचं दूध आलं की पोरंठोरं विचारायची, "गडावरच्या म्हशीचं का?" हे रोजचंच झालं. पंचमीला महानंदाला माहेरी आणायला आप्पा गेले, तर त्यांना पाणी दिलं, चहा दिला, लेक काही दिली नाही. आप्पांनी बाहेरच्या सोप्यात उभं राहून हात जोडले. किल्ली गिळल्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. व्याह्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"पावणं, येकच सांगा. तोंडातलं खरं, का यंत्रातलं?"

जन्मात पहिल्यांदा त्यांना समोरच्या माणसासाठी गोष्ट सापडली नाही. आतल्या दाराआड महानंदा उभी होती म्हणे. तिच्या बांगड्या ऐकू आल्या, एवढंच आप्पांनी मला सांगितलं आणि मान फिरवली.

ते सरळ राजारामपुरीत आले. "सात नंबर काढा. माझं हसू काढा, आवाज काढा, काय बी काढा." मी शब्द दिला. मूळ आवाज माझ्याकडं सीडीवर होता, कापणं म्हणजे दहा मिनिटांचं काम. पण यंत्रात तो घालायची किल्ली पुण्याच्या कंपनीकडं, आणि कंपनी बंद पडलेली. फोन वाजायचा, उचलायला कुणी नाही. साहेबांकडं गेलो तर ते म्हणाले, अहवाल वर गेलाय, लोकांना सात नंबरच सगळ्यात आवडतो, आणि एकाच्या म्हणण्यावरून काढला तर उद्या प्रत्येक गाव येईल. "यंत्रात आहे म्हणजे काही तरी आधार असणारच ना?" हे वर. आधार म्हणजे मी आणि माझं स्टूल! चीड आली, पण कुणावर काढू?

मग आप्पांनी स्वतःच लढाई सुरू केली. खिडकीतून यंत्र देताना हळूच सांगायचे, "पावणं, सात नंबर दाबू नका." झालं! गडावर पाय ठेवायच्या आधीच लोक सात दाबायचे. मग त्यांनी वीसही यंत्रांच्या सात नंबरच्या बटणात मेण भरलं. साहेबांनी पिनेनं ते काढायला लावलं, आणि वर लेखी समज. दारावरचा पिवळा सात त्यांनी शेणानं सारवला, तर लोक म्हणाले, सहानंतर आठ कसा? शोधून काढलाच.

एकदा मी वर गेलो तेव्हा बघितलं ते सांगतो. पुण्याकडचं एक कुटुंब बुटक्या दाराशी उभं होतं, कानाला हेडफोन. आप्पा खिडकी सोडून धावत आले होते. दारात उभे, डावा हात वरच्या दगडाखाली, आणि मोठमोठ्यानं सांगत होते, "किल्ली गिळली ओ त्यानं! गिळली! दारात मेला!" त्यातल्या बाईंनी बोट ओठांवर ठेवलं आणि हातानं त्यांना बाजूला व्हायची खूण केली. त्यांना आप्पांचं ऐकायचं होतं ना! कानातले आप्पा बोलत होते आणि समोरच्या आप्पांची अडचण होत होती. मग ती माणसं हसली, आप्पांच्याच गोष्टीला, आप्पांच्या तोंडावर. आप्पा गप्प झाले, पण हात तसाच ठेवला. बाईंचं डोकं त्यावर आपटलं, तरी बाईंना कळलं नाही.

त्या दिवशी ते पायरीवर बसून म्हणाले, "मी हितं कोंडलोय बगा. यंत्रात बी मीच, भाईर बी मीच. आन् दोगांची गाठच पडंना."

दोन पंचम्या गेल्या. महानंदा आली नाही. तिसऱ्या पंचमीच्या आधी आप्पा गेले. खिडकीत बसल्या बसल्या, एक यंत्र पुसता पुसता. महानंदा आली ती मातीला. मला कळलं ते आठवड्यानं.

योग बघा, त्यानंतर महिन्याभरात बंद पडलेल्या कंपनीतला एक जण मला भेटला. यंत्रात आवाज घालायची वायर आणि प्रोग्रॅम त्याच्याकडं पडून होता. साहेबही बदललेले. नवे साहेब म्हणाले, "घाला काय घालायचं ते, कुणी विचारत नाही." इतकं सोपं होतं ते! मी सात नंबर कापला. म्हैस गेली, हसू गेलं, दाराची उंची आणि "वाका पावणं" तेवढं राहिलं. चार मिनिटांचा सात नंबर अर्ध्या मिनिटाचा झाला. माणूस जिवंत असताना नाही, तर निदान मेल्यावर शब्द पाळावा म्हणून लॅपटॉप घेऊन गडावर गेलो. यंत्रं खिडकीत होती, एकोणीस. विसावं कुणीतरी वर नेलं होतं.

बुटक्या दाराजवळच्या दगडावर एक बाई बसली होती. पदर डोक्यावर, पदराखाली हेडफोन, शेजारी दुधाची रिकामी किटली. मी जवळ गेलो तशी तिनं हेडफोन काढला आणि मान जराशी तिरकी केली.

"गाव कुठलं म्हणायचं?"

ती महानंदाच आहे हे दुसऱ्या कुणी सांगायची गरजच नव्हती.

"कोल्हापूर," मी म्हणालो.

माझा आवाज ऐकून तिनं माझ्याकडं टक लावून बघितलं. यंत्रावर बोट ठेवलं. "शेवटाला आप्पांच्या मागनं कोण तरी हसतंय बारीक. ते तुमीच न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मला वाटलं, आता ती बोलेल, वाट्टेल ते बोलेल. मी ऐकून घ्यायच्या तयारीनं उभा होतो. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मीच मग सगळं सांगितलं. स्टूल, डोळे मिचकावणं, तीनला जाणारी लाईट, आप्पांना दिलेला शब्द. लॅपटॉपची पिशवी उघडून म्हणालो, "आज काढून टाकतो. तुमच्या घरावरचं बालंट जाईल."

"काढू नका," महानंदा म्हणाली.

"अहो, पण आप्पांनी..."

"दर सोमवारी डेरीला दूध घालून येती मी. सासऱ्यास्नी ठावं हाय, काय बोलत न्हाईत." ती यंत्राच्या बटणांवरून अंगठा फिरवत होती. "बाराच्या बारा नंबर ऐकलं. बाकीच्यात आप्पा शाळंतल्या पुस्तकावानी बोलत्यात. हसलेत ते हितंच. तुमी ते काढलं तर मी कुठं जाऊ?"

बापाला दिलेला शब्द पाळला तर लेकीचा बाप जातो. तिचं ऐकलं तर डेअरीत म्हैस राहते, आणि आप्पा त्या दारात कोंडलेले राहतात. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, हे मला खरंच विचारायचं आहे. मी पिशवीची चेन लावली.

तिनं हेडफोन पुन्हा कानाला लावला आणि सात दाबला. उठली, किटली घेतली आणि दाराकडं चालू लागली. दगडापाशी आली आणि बरोबर वेळेवर, वर न बघता, वाकली. कानात आप्पांनी सांगितलं असणार. पलीकडं गेल्यावर तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती की रडत होती, मला पाठीमागून कळलं नाही.

मी तिच्या मागोमाग निघालो. माझ्या कानात काही नव्हतं. कपाळ दगडावर असं आपटलं की डोळ्यांपुढं काजवे चमकले, आणि तरीही मी पहिल्यांदा वर बघितलं ते आप्पांच्या हाताला लागलं का म्हणून.